राहिलेला समाचार

भाग्यलक्ष्मीनं नुसती सुट्टी मागितली होती, आणि तीही अर्ध्या दिवसाची. त्यात माणसानं बेचैन व्हावं असं खरं म्हणजे काहीच नव्हतं. ती रोज सकाळी यायची, चादरी बदलायची, स्वच्छच असलेलं न्हाणीघर पुन्हा स्वच्छ करायची, आणि तेवढा वेळ नंदकिशोर खिडकीपाशी उभा राहून खालचा हेब्बाळचा उड्डाणपूल बघत राहायचा. बाई काम करत असताना आपण सोफ्यावर लोळायचं, हे त्याला लाजिरवाणं वाटे. त्या दिवशी ती डोक्यावरून न्हाऊन आली होती, ओल्या केसांत मोगरा, पावलांना हळद. दारातच थांबून कानडीमिश्रित हिंदीत म्हणाली, "सार, आज स्वल्प लवकर जाऊ? आतली खोली उद्या करते. गौरी हब्ब आहे ना, सण. माझा अण्णा, मोठा भाऊ, यायचाय तुमकूरहून, बागिना घेऊन." आणि आठवडाभर तिच्याशी मोडक्या हिंदीत बोलणारा नंदकिशोर एकदम कानडीत म्हणाला, "जा की मग. अण्णाला दारात उभं ठेवू नकोस." ती चपापली. "सारना कन्नड येतं?" "येतं," तो म्हणाला, "मी इथलाच." ती तोंडावर हात ठेवून हसली. तिला ती चेष्टाच वाटली असणार. इथला माणूस इथं भाड्याच्या फ्लॅटात पाहुणा होऊन कशाला राहील?

आता हे कुणाला सांगायचं? परक्या मुलखात घराची आठवण यावी ही जगरहाटी आहे, त्याची कुणी चेष्टा करत नाही. पण आपल्याच गावात, घर बसच्या एका तिकिटावर असताना घरच्या आठवणीनं जीव कासावीस व्हावा, ही काय तऱ्हा झाली? बायकोला, यशश्रीला, त्यानं तिसऱ्याच दिवशी सांगून बघितलं होतं. ती लॅपटॉपमधून मान वर करून म्हणाली, "अरे, पण आपण बेंगलोरमध्येच आहोत ना! तुला बरं वाटेल म्हणून तर आणलं मी." ते खरंच होतं. ती पुण्याची, मनानं मोकळी, कामात वाघ. हॅम्बुर्गच्या कंपनीनं तिला इथली शाखा उभी करायला पाठवलं, तेव्हा तिनंच त्याचं तिकीट मागून घेतलं. कंपनीच्या लेखी हा परदेश दौरा होता आणि नंदकिशोर होता 'सोबत येणारी व्यक्ती'. तशी सोबत तर तो गेली कित्येक वर्षं करतच होता. इथल्या सरकारी कारखान्यातली ड्रॉइंग ऑफिसची नोकरी सोडून तो तिच्यामागं हॅम्बुर्गला गेला, तिथं भाषा येईना, आली तेव्हा वय निघून गेलं होतं. मग सकाळी तिचा डबा, दुपारी एकट्याचं फिरणं, संध्याकाळी कुकर. कंपनीच्या मेजवान्यांना तो यशश्रीच्या डाव्या बाजूला उभा राहून हसायचा. असून अडचण, नसून खोळंबा. असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं, यशश्रीनं तर कधीच नाही. तो स्वतःच स्वतःला म्हणायचा, आणि आपल्याच तोंडचं ते माणसाला जास्त लागतं.

खरं दुखणं निराळंच होतं. अक्काला त्यानं आपण आल्याचं सांगितलंच नव्हतं. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, ठकुबाई, इथल्याच शिवाजीनगरात राहणारी. रविवारी दोघं मिळून जाऊ असं ठरलं होतं, पण रविवारी यशश्रीच्या ऑफिसच्या लोकांनी कुठल्या तरी टेकडीवर जेवण ठेवलं. मग अक्काचा नेहमीसारखा फोन आला, "काय करालास रे? थंडी पडली काय तिकडं?" आणि खोलीतला एसी बारीक करत नंदकिशोर म्हणाला, "पडायला लागलीय." बोलून गेला नि मग जीभ चावली. एकदा खोटं बोललं की ते पाळावं लागतं. दुसऱ्या फोनला त्यानं तिथल्या पावसाचंही सांगितलं. खिडकीबाहेर हेब्बाळच्या तळ्यावर ऊन पडलं होतं, तळ्यापलीकडं कुठंतरी तीच अक्का फोन कानाला लावून "जप बाबा, छत्री ने" म्हणत होती, आणि त्याला हुंदका येतो की काय असं झालं होतं. का गेला नाही तो पहिल्याच दिवशी? गाड्यांची गर्दी, यशश्रीचं वेळापत्रक, ही सगळी सबब. त्या घरी जायची त्याला भीती वाटत होती. दोन वर्षांमागं अक्काचे यजमान, ज्योतिबा दाजी, वारले. तेव्हा नंदकिशोरचा पासपोर्ट तिथल्या कचेरीत अडकला होता. त्यानं सगळं फोनवर बघितलं, म्हणजे खरं तर छतावरचा पंखाच बघितला, कारण ज्या कुणी फोन धरला होता त्याला तो सरळ धरायचं भान नव्हतं. पंखा फिरत होता आणि खालून बायकांचं रडणं येत होतं. पासपोर्ट हातात आला तोवर तेरावं होऊन गेलं. "आता जाऊन काय करणार तू?" यशश्री हळूच म्हणाली, आणि त्यालाही ते पटलं. पटलं, हेच वाईट झालं. दुसऱ्या दिवशी त्यानं नेहमीसारखा डबा भरला.

भाग्यलक्ष्मी गेल्यावर तो सोफ्यावर बसला. बागिना. किती वर्षांत हा शब्द त्यानं माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. तो फोनवरून अक्काला दर गौरीला पैसे पाठवायचा, तीही "पोचले बघ" म्हणायची, पण पैसे म्हणजे बागिना नव्हे. बागिना म्हणजे सुपात तांदूळ, डाळ, गूळ, नारळ, हळदकुंकू, काळे मणी, फणी, बांगड्या आणि खण भरायचा, त्यावर दुसरं सूप पालथं घालायचं, आणि भावानं तो बहिणीच्या दारात न्यायचा. मुलखाची ही रीत. दोन पिढ्यांमागं निपाणीकडून इथं आलेल्या त्याच्या शिंपी घराण्यानं कानडी शेजाऱ्यांकडून ती घेतली आणि त्यांच्यापेक्षाही जास्त घट्ट धरली. नंदकिशोर उठला. त्यानं शर्ट बदलला, यशश्रीनं आणलेला तो फिका निळा टाळून जुना पांढरा घातला. लिफ्टमध्ये त्याच्या लक्षात आलं की आपण जातो आहोत. आणि रस्त्यावर येऊन रिक्षात बसेपर्यंत त्याहून मोठी गोष्ट लक्षात आली, की आपण परत यायचं नाही म्हणून जातो आहोत. हे कधी ठरलं ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. यशश्री शुक्रवारी जाईल. आपण नाही जायचं. अक्काकडं राहायचं, वरच्या खोलीत, खाली दाजींचं दुकान आहे, ते बघायचं. एवढी साधी गोष्ट आपल्याला इतकी वर्षं सुचली नाही याचं त्याला हसू आलं.

मेखरी सर्कलला रिक्षा अडकली तेव्हा यशश्रीचा फोन आला. "नंदू, लिसन, आज संध्याकाळी डिनर आहे क्लायंटचं, स्पाउसेसना पण बोलावलंय. येशील ना? तुझ्याशिवाय बोअर होतं रे मला." मागं हॉर्न वाजत होते. "बाहेर आहेस का? कुठे?" तो म्हणाला, "जरा चक्कर मारायला." "छान! भरपूर फिर. लव्ह यू." तिनं फोन ठेवला. बाई वाईट असती तर बरं झालं असतं, निदान रागावता आलं असतं. तिच्यावर रागावण्यासारखं त्याला काही सापडेना. सापडत होतं ते एवढंच, की तिच्या घरात तो सगळीकडं होता आणि त्याचं घर कुठंच नव्हतं.

जयमहलच्या झाडांखालून रिक्षा निघाली आणि वारं लागलं तसा त्याचा जीव हलका होत गेला. त्याला दाजी आठवायला लागले. आई-बाप एकामागून एक गेले तेव्हा नंदू शाळेत होता, आणि लग्न होऊन वर्षही न झालेल्या अक्काबरोबर तो पदराला धरलेल्या पोरासारखा तिच्या सासरी आला. दाजींनी एका शब्दानं कुरकुर केली नाही. शाळांचे गणवेश शिवायचे ते, पायानं मशीन आणि तोंडानं चेष्टा, दोन्ही दिवसभर चालू. पहिल्या गौरीला अक्का मोरीत जाऊन रडत होती. सगळ्या बायकांचे भाऊ येणार, माझं माहेर तर माझ्याच घरात जेवतंय! दाजींनी ते ऐकलं. मशीन थांबवून बाजारात गेले, सुपं आणली, स्वतः भरली, आणि नंदूला मागच्या जिन्यानं गुपचूप खाली नेलं. नवा शिवलेला सदरा त्याच्या अंगात घातला, सूप हातात दिलं नि म्हणाले, "आता गल्लीच्या तोंडापर्यंत जा. तिथनं वळून ये, पुढच्या दारानं. कडी वाजव. आणि लगेच आत घुसू नको लेका, पाहुणा आहेस तू." नंदू गेला, वळून आला, कडी वाजवली. आतून दाजींचा आवाज, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा, "अगं ठकू! बघ कोण आलंय! तुझ्या माहेरचं माणूस आलंय की!" अक्कानं दार उघडलं. ती हसत होती नि रडत होती, आणि दाजी मशीनवर बसून काहीच ठाऊक नसल्यासारखे दोरा तोडत होते. दर वर्षी तेच. नंदू कॉलेजात गेला, नोकरीला लागला, स्वतःच्या पगारातून सुपं आणू लागला, तरी गौरीला तो मागच्या जिन्यानं उतरायचा आणि पुढच्या दारानं यायचा. कुणी म्हटलं असतं, काय हा पोरखेळ, तर त्याला राग आला असता.

रसेल मार्केटच्या बाहेर बायका सुपांच्या चळती मांडून बसल्या होत्या. फुलांचा, ओल्या पानांचा, पिकल्या केळ्यांचा वास एकदम अंगावर आला, आणि नंदकिशोरला कित्येक दिवसांनी भूक लागली. तो घासाघीस करू लागला, आणि कानडी कशी तोंडातून घरंगळत येत होती! "काय अम्मा, लग्नाच्या वरातीला विकालीस काय सुपं?" ती म्हातारी हसली, तोही हसला. तांदूळ घेतले, तूरडाळ घेतली, गुळाची ढेप हातानं दाबून बघितली. नारळ कानाशी हलवला. खण घेताना हिरवा की जांभळा यावर तो इतका वेळ घालवू लागला की दुकानदार वैतागला. अक्काला जांभळा शोभतो, दाजी म्हणायचे. मग हळद, कुंकवाची पुडी, काळे मणी, छोटी फणी. बांगडीवालीनं माप विचारलं तेव्हा त्यानं आपल्याच हाताची बोटं कळीसारखी गोळा केली नि म्हणाला, "एवढा हात. हाडापेराची आहे माझी अक्का. हिरव्या द्या, डझनभर द्या." ती म्हणाली, "भाग्यवान हो अक्का, असा भाऊ आहे." त्याला ते खरं वाटलं. सगळं आनंदानं केलं त्यानं, इतक्या आनंदानं की त्या तासाभरात तो कुठल्या सालात वावरत होता हे त्याला विचारायला हवं होतं. दाजी नाहीत हे त्याला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणणार? ठाऊक होतंच. पण ठाऊक असणं डोक्यात असतं, आणि त्या दिवशी बाजार त्याचे हात करत होते. हातांनी दाजींना कधी पोचवलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी तो उतरला. सूप दोन्ही हातांवर घेतलं, वरचं पालथं सूप हनुवटीनं दाबून धरलं. खालच्या दुकानावर मोबाइलच्या कव्हरांच्या माळा लटकत होत्या, काउंटरवर कुणी तरी अनोळखी पोरगा होता. त्यानं ते बघितलं आणि बघितलंही नाही. पुढच्या जिन्यानं वर गेला. दार नुसतं लोटलेलं होतं, तरी तो आत घुसला नाही, सूप एका हातावर तोलून कडी वाजवली. आणि थांबला. कान देऊन थांबला. आतून काही आवाज येईना. तो वाट बघत होता, आणि आपण कशाची वाट बघतो आहोत हे त्याला दार उघडायच्या एक क्षण आधी कळलं.

अक्कानं दार उघडलं. केस सगळे पिकलेले, कपाळ मोकळं, अंगावर राखाडी बुट्ट्यांची साडी. दाराच्या फळीवर ठेवलेला तिचा हात त्याच्या तोंडासमोरच होता. मनगटात काही नव्हतं. पूर्वी बांगड्यांनी जिथं वळ पडलेला असायचा तिथली कातडीही आता एकसारखी झाली होती. सूप मागं लपवावं, खाली टाकावं, जिना उतरून पळावं, एका वेळी सगळं नंदकिशोरच्या मनात आलं आणि हात मात्र सूप पुढं धरूनच राहिले. सुपांच्या फटीतून कुंकवाची लाल पुडी दिसत होती.

"नंदू?" अक्का म्हणाली. "अय्यो, नंदू तू? कधी आलास रे?"

मग तिची नजर सुपावर गेली. तिचा चेहरा एकदम वेगळाच झाला, कसा ते त्याला त्या वेळी उमगलं नाही. एवढ्यात शेजारचं दार उघडून एक तरुण पोरगी बाहेर आली, नवी रेशमी साडी, हातात आरतीचं ताट. सूप बघितलं, विधवा म्हातारीच्या दारात बागिना घेऊन उभा असलेला बाप्या बघितला, आणि ती जागच्या जागी थिजली. कुणाच्या तोंडून काही निघायच्या आत अक्का बोलली, चांगली मोठ्यानं, कानडीत.

"पवित्रा, ये की इकडं. बघ, माझ्या तम्मानं, ह्या धाकट्या भावानं, तुझ्यासाठी बागिना आणलाय. मीच म्हटलं होतं त्याला, आमच्या शेजारच्या पोरीचा भाऊ गदगला, त्याला यायला जमायचं नाही, यंदा तू आण."

"मला?" पवित्रा म्हणाली. तिचे डोळे भरूनच आले. "अक्का, खरंच मला?"

"मग कुणाला? दे रे नंदू. बघत काय राहिलास, स्वतःच्या हातानं दे."

त्यानं दिला. पवित्रानं आरतीचं ताट खाली ठेवून पदरात सूप घेतलं, जिन्यातच वाकून त्याच्या पायांना हात लावला, आणि बांगड्या तिथंच हातात घालून बघितल्या. त्या तिच्या कोपरापर्यंत सरकल्या. "सैल आहेत," ती लाजत म्हणाली. "असू देत," अक्का म्हणाली, "अंग धरशील तशा बसतील." पवित्रा हसत आत गेली. बाईनं किती सहज सगळं निभावून नेलं! आलागेला पाहुणा चुकून भलतं बोलतो तेव्हा घरची माणसं सांभाळून घेतात, तसं अक्कानं त्याला सांभाळून घेतलं होतं. लहानपणी यापेक्षा बारक्या चुकीला तिनं त्याला लाटणं फेकून मारलं होतं. आज मारलं नाही, हे त्याला फार लागलं.

आत मशीनवर कापड झाकलं होतं. भिंतीवर दाजी, चंदनाचा हार. पंखा फिरत होता, तोच. नंदकिशोर भिंतीला टेकून खाली बसला. "मी विसरलो गं," तो म्हणाला. "अक्का, मी... दाजी गेले ते मी विसरलो. कसा विसरलो? माणूस असं विसरतं काय?"

अक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्याच्यासमोर बसली. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"एक सांगू?" ती म्हणाली. "कडी वाजली. मी उघडलं. तू असा सूप घेऊन उभा. मला वाटलं ह्यांनीच पाठवलंय तुला खालनं. मी मागं वळून बघणार होते रे. ह्यांना म्हणणार होते, पुरे आता तुमचं नाटक." ती हसली आणि तिचं तोंड वाकडं झालं. "एवढंच. मग ती पवित्रा आली."

नंदकिशोरला वाटलं आता सांगावं, नाहीतर हिंमत व्हायची नाही. "अक्का, मी परत जात नाही. इथंच राहतो तुझ्याजवळ. खालचं दुकान बघतो."

"दुकान दिलं की मोबाइलवाल्याला."

"मग नुसताच राहतो."

"यशश्रीशी भांडलास?"

"नाही गं. ती चांगली आहे."

"मग रे?"

"मला करमत नाही तिथं." पन्नाशीच्या माणसानं हे बोलायचं म्हणजे! "पहिल्या दिवसापासून करमत नाही. इथं आलो तर इथंही करमेना. मला घरी यायचंय."

अक्कानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मलाबी करमत नाही रे इथं," ती म्हणाली. "दसरा झाला की मी सुचेताकडं चालले, गावाच्या त्या टोकाला, एचएसआरला. लेक कधीची बोलवालीय. खोली सोडायचं सांगून झालंय मालकाला." तो टेकलेला सरळ झाला. "तू येतो म्हणतोस त्या घरात हे आहेत, नंदू. मशीनवर बसलेत. तिथं मला तरी कोण नेऊन सोडणार? मी रोज इथंच असते, तरी मला ते घर सापडत नाही."

बाहेर कुणाच्या तरी घरी घंटा वाजत होती. नंदकिशोर त्या झाकलेल्या मशीनकडं बघत होता. आपण दोन वर्षांत अक्काला तब्येत विचारली, जेवण विचारलं, पैसे पोचले का विचारलं. एक गोष्ट विचारली नाही. विचारली असती तर ऐकावी लागली असती.

"अक्का, दाजी कसे गेले?"

ती चमकली. मग मांडी घालून नीट बसली, पदर खांद्यावरून घेतला. तिचा आवाजही बदलला. माणूस गेलं की लोक समाचाराला येतात, आणि घरची बाई आलेल्या प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगते, किती वेळा सांगितलं तरी तेच, त्याच क्रमानं. तसं ती सांगू लागली. "सगळ्यांना सांगून झालं बघ. तुझंच राहिलं होतं," ती म्हणाली. "शाळा सुरू व्हायच्या होत्या, कपड्यांचा हा ढीग. दुपारी जेवले. भात परत मागितला थोडा, सार बरं झालंय म्हणाले. मी म्हटलं आडवं व्हा जरा, तर नाही, मशीनवर बसले. मी इथं, तू बसलास ना, तिथंच, भाजी निवडालते. म्हणाले, ठकू, सुईत दोरा ओवून दे गं, मला दिसेना. मी म्हटलं चष्मा कुठाय? म्हणाले, घातलाय की. मी बघितलं, तर होता डोळ्यावर. मी उठले, सुई घेतली, उजेडाला गेले, ओवला दोरा. वळले नि म्हटलं, घ्या. हात पुढं केला नाही ह्यांनी. बसलेत तसेच, मान अशी. मी म्हटलं, घ्या की हो. घ्या की. रागच आला मला, हाक मारली नि आता घेत नाहीत. किती वेळ मी सुई धरून उभी होते रे तशीच. घ्या की, घ्या की म्हणत."

"माझी आठवण काढली होती?" त्यानं विचारलं. त्याला स्वतःची लाज वाटली, तरी विचारलं.

अक्कानं खोटं सांगितलं नाही. "त्या दिवशी नाही काढली. दोऱ्याचंच बोलले शेवटचं."

मग मात्र नंदकिशोर रडला. अक्काच्या मांडीवर डोकं ठेवून, तोंडात पदर कोंबून, पवित्राला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज दाबत रडला. दोन वर्षांमागं त्यानं पंखा बघितला होता. त्याच्यापुरते ज्योतिबा दाजी आज गेले, भात खाऊन, चष्मा डोळ्यावर असताना, सुईची वाट बघत. अक्का त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि स्वतः रडत नव्हती. तिचं रडून झालं होतं. तो फार उशिरा आला होता, त्याच्याबरोबर रडायला आता कुणी उरलं नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा तो उठला, मोरीत जाऊन तोंड धुतलं. गौरीचा सण असून जेवणाचं दोघांनीही काढलं नाही. तो चपला घालेपर्यंत अक्का दारापर्यंत आली. या दारातून निघताना 'जातो' म्हटलं की ती लहानपणी टपली मारायची, जातो म्हणू नये, येतो म्हणावं. पण समाचाराला आलेल्या माणसानं निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, आणि घरच्यांनीही त्याला 'ये' म्हणायचं नसतं. दोन वर्षं उशीर झाला म्हणून रीत बदलत नाही. अक्का फळीला धरून उभी राहिली, काही बोलली नाही. नंदकिशोर काही न बोलता जिना उतरला.